दगडू, सावकार आणि दुतोंड्या मारुती: वाकड्या पात्रांचं कॅम्पेन चालवतानाच्या नोंदी

१ जून, रविवार

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: गोष्ट मी सांगतो, बाकीचे एकेक पात्र चालवतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. मागचं कॅम्पेन, म्हणजे बैठकीमागून बैठक चालणारी एक लांब गोष्ट, मार्चमध्ये मोडलं. अकरा सेशन झाली होती. बाराव्याला दगडूनं कांद्याच्या चाळीला आग लावली. आत राखणदार झोपलाय हे त्याला माहीत होतं, कारण दोन मिनिटांपूर्वी मीच सांगितलं होतं. "माझं पात्र असंच वागेल ना रे," एवढं म्हणून त्यानं फासे टाकले. सर्जा चालवणाऱ्या पोरानं पात्राच्या माहितीच्या शीटची घडी केली, खाली गेला आणि गाडीला किक मारून निघून गेला. त्यानंतर अडीच महिने ग्रुपवर फक्त सुप्रभात.

आता परत बसायचं ठरलंय. गंगापूर रोडला आमच्या गच्चीवरची खोली, रविवारी तीन ते सात. पात्रं तीच आणि तशीच वाईट ठेवायची, अशी सगळ्यांची मागणी. "साधुसंतच खेळायचे तर हरिपाठाला बसू की," इति शेठ. म्हणून या नोंदी. कोणाला असलं टेबल चालवायचं असेल तर निदान माझ्याच चुका परत करू नयेत.

खेळाडूंची नावं देत नाही, पात्रांची देतो. दगडू हा सावकाराचा वसुलीवाला; तो चालवतो माझा आतेभाऊ, अंबडला कारखान्यात शिफ्टला असतो. कावेरी चोर, चालवतात फिजिक्स शिकवणाऱ्या एक मॅडम. भस्मेबुवा भोंदू, पण अंगात खरीच थोडी शक्ती असलेला. तो चालवतात आमचे चिवड्याच्या दुकानाचे शेठ. सर्जा म्हणजे शपथ घेतलेला योद्धा, पॅलडिन. कॉलेजातला पोरगा, मला दादा म्हणतो. डीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम चालवणारा, मी. पोटापाण्याला सीएच्या ऑफिसात हिशेब लिहितो. गाव मीच बनवलेलं, नाव सातघाट. नाशिककराला लगेच ओळखू येईल.

खर्च: नियम फुकट. पाचव्या आवृत्तीचा एसआरडी, म्हणजे मूळ नियमांचा दस्तऐवज, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला, आम्ही तोच वापरतो. फाशांचा एक जादा सेट ४५० रुपये.

४ जून

कालची आणि आजची संध्याकाळ पाण्यात. अलाइनमेंटचा, म्हणजे पात्र नियम पाळणारं की मोडणारं आणि चांगलं की वाईट हे सांगणारा, नऊ चौकटींचा तक्ता मराठीत करत बसलो. 'लॉफुल'ला नियमनिष्ठ ठीक आहे, पण 'केऑटिक'ला मनस्वी म्हणायचं की बेबंद, यात तासभर गेला. शेवटी बेबंद. रंगीत प्रिंट पाच, ५० रुपये.

१९७४ च्या मूळ खेळात तीनच बाजू होत्या: नियम, तटस्थ, गोंधळ. चांगलं-वाईट त्यात नंतर मिसळलं आणि १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात नऊ चौकटी पक्क्या झाल्या. आपण तेच चालवत आलोय. मला वाटलं, प्रत्येकानं आपली चौकट आधीच निवडली की भांडणं होणार नाहीत.

८ जून, सेशन झीरो (खेळाआधीची ठरवाठरवीची बैठक)

चौघांनी एकमेकांना न विचारता एकच चौकट भरली. बेबंद-तटस्थ. सर्जानंसुद्धा! याचा सरळ अर्थ 'मला काही विचारू नका'. तक्ते रद्दीत. मागची बाजू कोरी होती, ती कामाला आली.

त्यावर प्रत्येकाला दोन प्रश्न लिहायला लावले. तुझं पात्र कुठली गोष्ट काही झालं तरी करणार नाही? आणि शेजारी बसलेल्याचं तुझ्यावर काय देणं आहे, की ज्यामुळे तू टोळी सोडून जात नाहीस?

दगडू: "ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या दारात वसुलीला जाणार नाही."
कावेरी: "ठरलेला हिस्सा एक पैही कमी देणार नाही."
भस्मेबुवा: "मेलेल्याच्या नावानं पैसे घेणार नाही." (जिवंतांच्या नावानं घेणार, हे शेठनी लगेच स्पष्ट केलं.)
सर्जा बराच वेळ पेन चावत बसला. मग: "खोटी साक्ष देणार नाही."

नऊ चौकटींनी जे झालं नसतं ते या चार ओळींनी झालं. आता प्रत्येक पात्राला एक दार आहे, आणि त्या दारापर्यंत त्याला नेणं एवढंच माझं काम.

रेघ आणि पडदा हेही ठरवलं. रेघेपलीकडचं टेबलावर येणारच नाही: लहान मुलांना इजा, बायकांवर अत्याचार. पडद्यामागचं घडेल, पण वर्णन नाही: मारहाण करून कबुली घेणं, छळ. शिवाय जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे मोठी फुली काढून कार्ड ठेवलं. कोणालाही काही खुपलं तर बोट ठेवायचं, कारण विचारलं जाणार नाही.

दप्तर आवरताना मार्चचा कागद सापडला. चाळीचा राखणदार: कॉमनर (साधा माणूस), एसी (बचाव) १०, एचपी (जीव) ४, एक्सपी (त्याला हरवल्याचे पॉइंट) १०. बास. नाव नाही, गाव नाही. मारला तर दहा पॉइंट, सोडला तर शून्य, असा हिशेब मीच मांडला होता आणि नावं ठेवत होतो दगडूला. मारण्याचे पॉइंट आजपासून बंद. पात्राची लेव्हल वाढणार ती कामाचा टप्पा गाठल्यावर.

१५ जून, सेशन १

फसलं.

मार्चच्या धड्यावरून मी कोतवाल आणला. बारा शिपाई, सगळे टोळीपेक्षा तगडे. कावेरीनं जकात नाक्यावर किल्ली मारली, कोतवाल हजर. भस्मेबुवानं अंगारा विकला, कोतवाल हजर. दगडूनं एका कासाराला नुसतं गचांडीला धरलं, तर तिथेही कोतवाल. तिसऱ्या वेळी शेठ म्हणाले, "याला घरदार आहे की नाही?"

सेशन संपल्यावर आतेभाऊ जिन्यात थांबला. "हा कोतवाल नाहीये, हा तू आहेस. तुला जे आवडत नाही ते केलं की तू शिपाई पाठवतोस. तोंडानं सांग ना सरळ."

उत्तर सुचलं नाही. चार तास गेले, शिवाय पाच प्लेट मिसळ, ५५० रुपये.

२२ जून, सेशन २

ही नोंद लिहायची नव्हती.

कोतवाल काढून टाकला. म्हटलं, शिक्षा नको, परिणाम दाखवू. दगडू एका द्राक्षबागाईतदाराकडे वसुलीला गेला. आतेभावानं प्रसंग चांगला खेळला, आवाज न चढवता. ओट्यावर बसला, पाणी मागितलं, बागेची चौकशी केली, मग म्हणाला, "पुढच्या अमावस्येला येतो." मला ते फार सोपं सुटल्यासारखं वाटलं. म्हणून मी तिथल्या तिथे रचलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बागाईतदार बागेत मेलेला सापडला, त्यानं स्वतःच जीव दिला. आणि दगडूकडे बघत राहिलो.

कोणी बोललं नाही. मॅडम उठल्या, "चहा टाकते" म्हणाल्या आणि खाली गेल्या. आमच्याच स्वयंपाकघरात, माझी आई तिथे असताना. फुलीचं कार्ड चिवड्याच्या परातीखाली गेलेलं होतं. पण वर असतं तरी कोणी बोट ठेवलं नसतं. चार ओळखीच्या माणसांसमोर 'मला हे सोसत नाही' असं कार्ड दाखवून सांगायची आपल्याकडे सवय नाही. आपण चहा टाकायला उठतो.

२५ जून

मी फोन करायच्या आधी मॅडमचाच आला. त्यांचं माहेर निफाडकडे, घरची बाग. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "विषय नको असं नाही हो. आमच्याकडे सगळ्यांना माहितीये हा विषय. पण तुम्ही तो माणूस मारलात तो दगडूला धडा शिकवायला. त्या माणसाचं स्वतःचं असं काही नव्हतंच. याचा राग आला."

म्हणजे दगडूनं मार्चमध्ये राखणदाराचं जे केलं, तेच मी बागाईतदाराचं केलं. माझ्या हातात फासेही नव्हते.

दुरुस्ती:
– तो मृत्यू रद्द. ग्रुपवर सगळ्यांना सरळ लिहिलं: "सेशन २ चा शेवट मी मागे घेतो, चूक माझी." डीएमनं सांगितलं म्हणजे घडलं, हा हट्ट सोडायला जड गेला, पण मेसेज टाकल्यावर हलकं वाटलं.
– रेघेच्या यादीत आत्महत्या घातली. ती यादी फक्त खेळाडूंसाठी असते असं मी समजत होतो.
– पाऊण तासाला चहा, ठरवून. कोणाला उठायचं असेल तर कारण शोधावं लागू नये.
– सेशननंतर प्रत्येकाला वेगळा मेसेज: आज काय नको होतं? आतापर्यंत उत्तरं आली ती यातूनच. कार्डाला अजून कोणी हात लावलेला नाही.

२९ जूनचं सेशन मी रद्द केलं.

६ जुलै, आषाढी एकादशी

सेशन नाही. शेठ आणि मॅडम दोघांचाही उपास. दिवसभर बसून दोन गोष्टी तयार केल्या.

पहिली, खतावणी. मेन रोडवरून लाल चोपडी आणली, १४० रुपये. टोळीनं काही केलं की एक ओळ. पाच रकाने: काय केलं, कोणी पाहिलं, तो कोणाला सांगेल, कधी पोचेल, आणि त्याला काय हवंय. पहिली ओळ सेशन १ ची भरली. 'कावेरीनं जकातीच्या मुनिमाची किल्ली मारली. पाहिलं: पाणक्या लक्षा. सांगेल: बायकोला. पोचेल: बुधवारी. हवं: किल्ली नको; मुनिमाकडे अडकलेली सहा महिन्यांची मजुरी.'

पाचवा रकाना भरताना डोकं चालायला लागलं. कोतवालाला फक्त पकडायचं असतं. लक्ष्याला मजुरी हवीय. म्हणजे तो कावेरीला पकडून देणार नाही, तिला गाठेल. आणि बातमी आपोआप उडत नाही, बाजाराच्या दिवशी चालत जाते. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो तसाच सातघाटला ठेवलाय. बुधवारपर्यंत टोळीला सारवासारव करायची मुभा.

दुसरी गोष्ट टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी. गावाचा राग किती चढलाय हे खेळाडूंना कळायला हवं, नाहीतर परिणाम आला की परत कोतवालासारखंच वाटतं. काही खेळांत यासाठी गोल घड्याळ काढून त्याचे तुकडे भरत जातात. आमच्या शेठना घड्याळ समजावून सांगताना मी दमलो. मग डोक्यात आलं, नाशिकमध्ये पूर मोजायला कोणी घड्याळ बघतं का? पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं, एवढंच विचारतात. पुठ्ठ्यावर मारुती काढला. पाय, गुडघे, कंबर, छाती, गळा, डोकं. सहा खुणा. पुठ्ठा २० रुपये, निळा स्केचपेन भाचीचा.

कंबरेला लागलं की दुकानं टोळीला उधार बंद. छातीला लागलं की रात्रीच्या गस्ती. डोक्यावरून गेलं की सातघाट सोडायचं.

१३ जुलै, सेशन ३

कल्पना चालली, आकडे चुकले. प्रत्येक लहानसहान चोरीला मी पाणी चढवत गेलो आणि दोन तासांत मारुती छातीपर्यंत बुडाला. खेळाडू भेदरून काही करेनात. वाईट माणसं वाईट वागायला घाबरून घरात बसली, असलं रटाळ सेशन मी दुसरं चालवलेलं नाही.

दुसरी अडचण जास्त मूर्खपणाची. भस्मेबुवानं घाटावर मोफत जेवण घालून लोकांना शांत केलं, पाणी एक खूण उतरायला हवं होतं. स्केचपेननं रंगवलेलं पाणी उतरवणार कसं? व्हाइटनर लावलं, मारुतीला कोड फुटल्यासारखं दिसायला लागलं. शेठना ते बघवेना.

दुरुस्ती: नवीन पुठ्ठा, रंगवायचा नाही. दुधाच्या निळ्या पिशवीची पट्टी कापून कागदाच्या चिमट्यानं लावायची, वर-खाली सरकते. आणि पाणी फक्त खतावणीत 'पोचली' अशी खूण झाली तरच चढणार. कोणी पाहिलंच नाही, किंवा पाहणाऱ्याचं तोंड बंद झालं, तर मारुती कोरडा.

"तोंड बंद झालं म्हणजे मारलं तरी?" दगडूनं विचारलं. मारलं तरी. पण मग खतावणीत दुसरी ओळ, आणि मेलेल्याला शोधणारं कोणीतरी असतंच. त्याचं नाव मी आधीच लिहून ठेवतो. दगडू थोडा वेळ चोपडीकडे बघत बसला. लक्ष्याला त्यांनी मारलं नाही. मुनिमाकडून मजुरी काढून दिली, त्यातले दोन आणे स्वतः ठेवले. मला इतकंच हवं होतं, चांगुलपणा नाही.

२० जुलै, सेशन ४

सर्जा विरुद्ध दगडू. हे होणारच होतं.

सर्जाला दगडू पापी आहे का हे शक्तीनं बघायचं होतं. नियम काढून दाखवला: पॅलडिनच्या दिव्यदृष्टीला आपल्या नियमांत देवदूत, सैतान आणि चालते मुडदे कळतात, साठ फुटांच्या आत. व्याजखोर कळत नाहीत. पोरगा नाराज. मग तलवारीवर आला.

इथे मी जवळजवळ जुनी चूक करणार होतो. 'सर्जानं तलवार उपसली नाही तर शपथ मोडली, शक्ती गेली,' असं तोंडावर आलं होतं. जुन्या आवृत्त्यांत पॅलडिन घसरला की सगळं काढून घेत, ते डोक्यात बसलेलं. गिळलं. त्यालाच विचारलं, "तुझ्या शपथेत काय आहे, वाच." त्यानं वाचलं: खोटी साक्ष देणार नाही. त्यात दगडूला मारायचं कुठे आहे?

नियम ठरला: टोळीतल्या टोळीत फासे नाहीत. एकानं दुसऱ्यावर काही करायचं म्हटलं तर लागलं की चुकलं, हे ज्याच्यावर होतंय तो सांगणार. आतेभाऊ म्हणाला, "लागली. खांद्याला. आणि मी हात उचलत नाही." सर्जाला काय करावं कळेना. पुढचा अर्धा तास ते दोघं घाटाच्या पायरीवर बोलत होते आणि मी पहिल्यांदाच नुसता चिवडा खात बसलो.

२७ जुलै, ३ ऑगस्ट

दोन्ही रविवार गेले. एकदा आतेभावाची शिफ्ट बदलली. एकदा पाऊस आणि दुपारभर लाइट नाही. मेणबत्तीवर खेळू म्हटलं तर आकडे दिसेनात.

१० ऑगस्ट, सेशन ५

जमलं.

सावकाराचा प्रसंग रचायला मी १८७५ चे दख्खनचे दंगे वाचले होते. १२ मे रोजी पुण्याजवळ सुप्यात सुरुवात झाली. शेतकरी जमले ते मुख्यतः कर्जाची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, आणि हुकूमनामे हिसकावून जाळायला. माणसांना मारहाण त्या मानानं कमीच झाली, राग कागदावर होता. सातघाटला तेच ठेवलं. पाणी गळ्याला होतं, पण ते टोळीवरचं कमी, सावकारावरचं जास्त. रात्री पाचपन्नास माणसं वाड्यासमोर. आत लाकडी पेटीत खतं. दारात दगडू, कारण दार राखायचे पैसे त्याला मिळतात.

गर्दीत पुढे कोण, हे खतावणीतून काढलं. सेशन २ चा बागाईतदार. दगडूनं त्याच्या ओट्यावर पाणी मागितलं होतं, तेव्हा मी नुसतंच म्हणून गेलो होतो की त्याच्या बायकोनं पाण्याबरोबर भाकरी आणि ठेचा दिला. चोपडीत तेवढी ओळ होती.

"दगडूशेठ, व्हा बाजूला," बागाईतदार म्हणाला.

आतेभावानं शीट उलटं केलं. त्याच्याच अक्षरात मागे लिहिलेलं: ज्याचं मीठ खाल्लं. मी काही बोललो नाही, ते महत्त्वाचं. जूनमध्ये बोललो असतो. "पण मीठ तर सावकाराचंही खाल्लंय," तो म्हणाला. "नियमात दोघांचंही असेल तर काय?"

मॅडमनी त्याला थांबवलं. "मी पेटी आधीच काढलीय." आणि मला चिठ्ठी दिली, जी त्यांनी चहाच्या वेळीच लिहून ठेवली होती. कावेरी मागच्या परसातून शिरली होती. पेटी घेऊन ती गर्दीकडे गेली नाही. खतं तिनं स्वतःकडे ठेवली. आता सगळा सातघाट कावेरीचा देणेकरी.

सर्जाचा चेहरा बघण्यासारखा होता. टेबलावरची सगळ्यात मऊ आवाजाची बाई, आणि पाच सेशनमधलं सगळ्यात वाईट काम तिचं. मला अर्थातच शिपाई पाठवावेसे वाटले. चोपडी उघडली. कोणी पाहिलं: दगडू. कोणाला सांगेल: रिकामं ठेवलं, ते आतेभावानं ठरवायचं.

रात्री मेसेज टाकले. मॅडमचं उत्तर: "आज काही नको नव्हतं. आणि हिस्सा मी ठरल्याप्रमाणे देणार, सगळ्यांना सांगा."

२४ ऑगस्ट, सेशन ६

गणपतीआधीचं शेवटचं. शेठना पुढचे दोन आठवडे दुकानातून मान वर करता येणार नाही, त्यामुळे लवकर उरकलं. मारुती गळ्यालाच. दगडूनं अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्या बदल्यात कावेरीकडून त्यानं एकच खत मागून घेतलं, बागाईतदाराचं. जाळलं नाही, खिशात ठेवलं. का, ते सांगत नाही.

निघताना तो चोपडी चाळत होता. मागच्या पानांवर गेला, मग पुढे आला.

"मार्चमधलं यात नाही का?"

"तेव्हा चोपडी नव्हती."

"त्या चाळीवाल्याचं नाव काय होतं?"

नाव नव्हतंच. तसं सांगितलं. "मग ठेव ना काहीतरी," म्हणाला आणि हेल्मेट घालून गेला. मी पाच रकान्यांची ओळ आखून बसलोय. कोणी पाहिलं, हे भरता येतं: चौघांनी. नावाचं अडलंय. काहीही ठेवलं तरी पाच महिन्यांनी चिकटवल्यासारखं वाटतंय. पुढच्या वेळी आतेभावालाच ठेवायला सांगेन.

पुढचं सेशन १४ सप्टेंबर, सर्जाच्या परीक्षेची तारीख लागली नाही तर. आजवर इथे नोंदवलेला खर्च मिसळ धरून १,२१० रुपये. नव्या पुठ्ठ्यावरचा चिमटा सैल झालाय, पाणी आपोआप घसरतं, तेवढा बदलायचा.